जखमेचे नकाशे

पायाच्या जखमेचा नकाशा काढणारा माणूस मी अख्ख्या नोकरीत एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा घरमालक निघाला. दिवसभर पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात पाय धुवायचे, पाय बांधायचे, आणि घरी आलं की खालच्या ओट्यावर पुन्हा कुणीतरी अनोळखी माणूस पाय वर करून बसलेला. साखरेचे पाय. वॉर्डात आम्ही त्यांना तसंच म्हणायचो. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेली असते, खिळा रुतला तरी पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा बोट काळं पडायला लागलेलं असतं. असे पाय बघून बघून मला त्या वयातच कंटाळा आला होता. हे सांगायला आता लाज वाटत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स होते, घरी मी आणि आई अशा दोघीच. गंगापूर रोडला तेव्हा आजच्यासारखी गर्दी नव्हती. सुटे सुटे बंगले, मध्ये शेतं. भाड्याच्या खोल्या रिकाम्या असायच्या, पण आम्हाला मिळायच्या नाहीत. मालक लोक आधी आडनाव विचारायचे आणि मग म्हणायचे, "अहो, कालच दिली बघा." असे 'काल' मी सात-आठ ऐकले. या काकांनी आडनाव विचारलंच नाही. दारातच विचारलं, "ड्रेसिंग स्वतः करता, की वॉर्डबॉयवर सोडता?"

मी म्हटलं, "स्वतः करते."

"मग सामान आणा," म्हणाले आणि आत गेले. आई म्हणाली, माणूस चक्रम दिसतो. मी म्हटलं, असू दे, किल्ली तर दिली.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले होते. जमिनी मोजायच्या, हद्दीच्या खुणा दाखवायच्या, नकाशे काढायचे, यात उभा जन्म गेला. अंगात घरी धुतलेला पायजमा आणि त्यावर ऑफिसातला तपकिरी कोट, उन्हाळ्यातसुद्धा. कोटाच्या खिशात पट्टी, दोरा, भिंग आणि दोन्हीकडून टोक केलेली पेन्सिल. रस्त्याने चालताना पावलं मोजायचे. घरापासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत तीनशे अठरा. मध्ये कुणी नमस्कार केला तर उत्तर द्यायचे नाहीत, हात वर करून थांबवायचे आणि दुकानापाशी पोचल्यावर मागे वळून नमस्कार करायचे. तोपर्यंत तो माणूस निघून गेलेला असायचा.

तर नकाशे. दवाखान्यात फेकून द्यायच्या एक्स-रेच्या जुन्या फिल्म मी त्यांना आणून देत असे. त्या ते धुण्याच्या सोड्यात भिजवून घासायचे, मग काच राहावी तशी स्वच्छ फिल्म उरायची. ती उकळलेल्या पाण्यातून काढून जखमेवर अलगद धरायची, शाईने कडेकडेने रेघ ओढायची आणि आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. मग ट्रेसिंग पेपरवर पक्का नकाशा. वर पेशंटचं नाव, तारीख, आणि उत्तर दाखवणारा बाण. बाण नेहमी अंगठ्याकडे. खाली चतुःसीमा लिहायचे: उत्तरेस बोटे, दक्षिणेस टाच, अमुक बाजूस तळव्याची आतली कड. आणि सगळ्यात खाली दोन पंचांच्या सह्या. पंच म्हणजे सोबत आलेली माणसं, साक्षीदार. "सहीशिवाय मोजणी म्हणजे गप्पा," असं ते म्हणायचे.

आधी नकाशा, मग औषध. औषधं साधीच. कडुलिंबाची साल उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवायची, नंतर मध लावून स्वच्छ सुती कापडाची पट्टी. भाजलेल्यासाठी किंवा कातडी फुटलेल्यासाठी शंभर वेळा धुतलेलं तूप. ते काम सकाळी चालायचं. तांब्याच्या परातीत तूप घेऊन वाटीच्या बुडाने पाण्यात घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी. मोठ्याने आकडे. मध्येच कुणी बोललं की पुन्हा एकपासून. आमची आई मुद्दाम सत्तरच्या पुढे गेल्यावर वरून हाक मारायची, "मालक, दूध आलंय हो."

"घातलंत पाण्यात," काका म्हणायचे.

"पाण्यातच तर आहे ते," आई म्हणायची आणि आत येऊन तोंडाला पदर लावून हसायची.

मध पेठकडच्या डोंगरातली एक बाई आणायची. डोक्यावर डबा, पायात काही नाही. "बाबा, यंदा थोडाच हाय, पाऊस लय झाला," असं दरवर्षी सांगायची. काका चमचाभर मध पाण्यात सोडून बघायचे, कागदावर थेंब टाकून बघायचे आणि मग तिच्या स्वतःच्या पायाच्या भेगा बघायचे. तूप देऊन पाठवायचे. ती तूप भाकरीला लावून खात असावी असा मला दाट संशय होता.

बाकी कुणी काहीही लावून यायचं. तंबाखू-चुना, रॉकेल, बॅटरीतली काळी पूड, बिब्बा. बिब्ब्याने चांगली कातडीसुद्धा भाजून निघायची. ते बघून काका लालबुंद व्हायचे. पण माझा राग त्यांच्यावरही होताच. रोज वॉर्डात मी बघत होते, झाडपाल्यात दिवस घालवून लोक उशिरा येतात आणि पाय गमावून जातात. आमचे सर्जन चिडून म्हणायचे, हिरवं असताना वैदूकडे, काळं झालं की आमच्याकडे. मी एकदा काकांना ते तसंच्या तसं ऐकवलं. भाडेकरू असून ऐकवलं.

काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तर मोजतो, सिस्टर."

त्यांचा नियम होता तीन दिवसांचा. तीन दिवसांत हद्द आत सरली नाही, तर औषध बंद, पेशंटने दवाखाना गाठायचा. आणि हे ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सही घ्यायचे. इगतपुरीचा एक रेल्वेचा गँगमन होता. पावसाळाभर रुळावर ओल्या बुटात उभा. अंगठ्याखाली जखम. चौथ्या दिवशी काकांनी तीन फिल्म एकावर एक धरून त्याला दाखवल्या. रेघ बाहेर गेली होती, फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी.

तो म्हणाला, "साहेब, अजून दोन दिस बघा ना. मध लय थंड वाटतंय."

"थंड वाटत नाही तुला. तुला काहीच वाटत नाही, तोच तर रोग आहे," काका म्हणाले. "ऊठ."

"तिकडं पाय कापत्यात."

"दोन दिवसांनी गेलास तर पाय. आज गेलास तर बोट. शेजारी बांध कोरत असताना आपण ओट्यावर बसून राहायचं का?"

मला म्हणाले, उद्या याला तुमच्याबरोबर न्या. नेलं. त्याचा अंगठा गेला, पाय राहिला. त्याने बरोबर आणलेले तीन नकाशे सर्जनांनी आधी हसत हसत बघितले, मग एकावर एक धरून बघितले आणि केसपेपरला टाचणीने लावले. त्यानंतर मोजणीवाल्याकडून कुणी आलं की ते मला म्हणायचे, "सिस्टर, तुमच्या तलाठ्याचा माणूस आलाय. कागद कुठाय?" तलाठी वेगळा आणि मोजणीवाला वेगळा, हे काकांनी मला त्यांना सांगायला सांगितलं. मी काही सांगितलं नाही.

हे सगळं का करता, असं मी एकदाच विचारलं. काका परात पुसत होते. म्हणाले, "आमची ही साखरेनेच गेली. आत नेताना म्हणाले, अंगठा काढतो. बाहेर आणली तर गुडघ्यापासून पाय नाही. असेल, गरज असेल. मी काय डॉक्टर आहे का? पण हद्द दाखवली नाही, खूण केली नाही, कुणाला उभं केलं नाही. बरड जमीन मोजायची तरी आम्ही आधी नोटीस काढतो, सिस्टर." मग परात उन्हात ठेवून आत गेले. मुलगा दूर नोकरीला होता, वर्षातून एकदा यायचा.

साखर काकांनाही होतीच. रोज सकाळी स्टोव्हवर परीक्षानळी धरून स्वतःची लघवी तपासायचे. बेनेडिक्टचं निळं पाणी घालून उकळायचं, निळं राहिलं तर उत्तम, हिरवं-पिवळं झालं तर गोळी आणि जेवणाकडे लक्ष, विटकरी झालं तर कठीण. तो वास जिन्याने वर यायचा आणि आमच्या आईचा दिवस त्यावरून सुरू व्हायचा. तोंडाने शिव्या, हाताने काकांसाठी बिनसाखरेचा चहा. त्या रंगाचीही वहीत रोज नोंद असायची.

टेबलावरच्या मोजणीचा त्यांना फार तिटकारा होता. जागेवर न जाता, साखळी न धरता, ऑफिसात बसून जुन्या कागदावरून नवा कागद करायचा आणि पंचांच्या सह्या चहाच्या टपरीवर घ्यायच्या. असल्या एका कागदावर सही नाकारली म्हणून त्यांची आडवळणाच्या गावी बदली झाली होती. ती हकिगत ते इतक्या वेळा सांगायचे की आई मध्येच पुढचं वाक्य म्हणून मोकळी व्हायची.

आता त्यांच्या पायाचं सांगते. सांगायचं टाळत होते म्हणून इतकं लांबवलं.

एका सकाळी जिन्याजवळच्या फरशीवर आईला लाल ठसे दिसले. एकामागून एक, स्वयंपाकघरापर्यंत. काका आत निवांत तूप घोटत बसलेले. चपलेचा खिळा तळ सोडून वर आला होता आणि तो घालून ते किराणा दुकानापर्यंतची तीनशे अठरा पावलं जाऊन परत आले होते. डाव्या तळव्याला, बोटांच्या जरा खाली, रुपयाएवढी जखम. आई ओरडली तेव्हा त्यांनी पाय वर करून बघितला. "अरे," एवढंच म्हणाले.

मी त्याच दिवशी म्हटलं, काका, दवाखान्यात चला. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. तीन दिवस. आरसा भिंतीला टेकवून त्यांनी स्वतःच्या पायाचा नकाशा काढला. पहिल्या दिवशी जखम मी पाहिली. वरवरची वाटली. पंच म्हणून सही केली, दुसरी सही आईची, तिला जेमतेम लिहिता यायचं ते अक्षर. तिने पुढे कंटाळून सोडून दिलं. काका म्हणाले, एक सही पुरे, पण ती सिस्टरांचीच.

त्या काळात वॉर्डातल्या दोघी जणी रजेवर होत्या आणि मी दोघींची कामं ओढत होते. अंबडला नवे कारखाने सुरू झाले होते, तिकडून चेचलेले हात, तुटलेली बोटं रोज यायची. संध्याकाळी मी घरी यायचे ती अक्षरशः पाय ओढत. काका ओट्यावर बसलेले असायचे, मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात झाकण काढलेलं पेन. पाय नीटनेटका बांधून स्टुलावर.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पट्टी सोडा, बघते."

"आत्ताच बांधली हो. मध वाया जाईल. कागद बघा ना, दोन चौकोन आत आलीय."

मी कागद बघितला. सही केली. तिसऱ्या दिवशी मी पट्टी सोडा म्हटलंच नाही. चौथ्या दिवशी जिना चढता चढता पेन हातात घेतलं. हद्द रोज आत येत होती. रुपया, मग अधेली, मग चवली. काका खूश. "बघा, तुमच्या सर्जनला दाखवा," म्हणायचे. मी "छान आहे हं काका" म्हणायचे आणि वर जाऊन आईने केलेलं जेवायचे. असे सतरा कागद. सतरा कागदांवर माझी सही आहे आणि त्यातल्या सोळा वेळा मी पाय बघितलेला नाही.

वास आला होता. तेही सांगून टाकते. शेवटचे चार-पाच दिवस ओट्याजवळ आले की एक गोडसर कुजका वास यायचा. तो वास मी झोपेतही ओळखला असता. पण मला वाटलं, माझ्याच साडीला वॉर्डाचा वास लागलाय. घरी जाऊन साडी भिजत घालायचे.

अठराव्या दिवशी मी आले तर ओट्यावर कुणी नव्हतं. आई खाली उभी. म्हणाली, "मालकांनी आज दोन्ही वेळचा चहा परत पाठवला. अंगावर गोधडी घेऊन पडलेत."

मी आत गेले. अंग तापलेलं, दात वाजत होते. उशाशी त्या दिवसाचा कागद तयार होता, जखम गव्हाच्या दाण्याएवढी. त्यांनी तो माझ्यापुढे केला. मी तो बाजूला ठेवला आणि पट्टी सोडली. जखमेचं तोंड खरंच मिटत आलं होतं, वर छान गुलाबी कातडी. मी तळवा दाबला, तर पू दुसरीकडूनच, बोटांच्या बेचक्यातून आला. घोट्यापर्यंत पाय फुगून गरम झालेला. माझ्या पिशवीतली, जखमेची खोली बघायची सळई उकळून आत घातली, ती सरळ हाडाला लागली. काकांना काही कळलं नाही. ते आरशात बघत होते.

"पण हद्द तर आत आलीय," म्हणाले.

"काका, ती वरून आत आली आणि खाली पसरली."

त्यांनी आरसा पालथा घातला. मग म्हणाले, "आम्ही जमीन कधी खाली मोजलीच नाही. वरूनच मोजतात ना जमीन."

वही नंतर बघितली. नकाशे बारीक होत गेले त्याच दिवसांत लघवीच्या नोंदी हिरव्यावरून विटकरीवर गेल्या होत्या. दोन्ही त्यांच्याच अक्षरात, पण नकाशे सुट्या कागदांवर आणि रंग वहीत. मी जर एकदा, फक्त एकदा, पट्टी सोडून तळवा दाबला असता, तर एखाद्या बोटावर निभावलं असतं. मी हे काम रोज पन्नास लोकांसाठी करत होते. ज्याने मला काही न विचारता घर दिलं, त्याच्यासाठी केलं नाही. दमले होते हे खरं आहे. पण दमणं हे उत्तर नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

दवाखान्यात सर्जनांनी पाय बघितला आणि माझ्याकडे बघितलं. काकांना म्हणाले, गुडघ्याच्या खालून काढावा लागेल. काकांनी विचारलं, "नक्की कुठून?" सर्जनांनी हाताने दाखवलं. "हाताने नको," काका म्हणाले, आणि कोटाच्या खिशातलं पेन मागितलं. सर्जन भला माणूस. त्यांनी काकांच्या नडगीवर निळ्या शाईने आडवी रेघ ओढली. काकांनी भिंग घेऊन ती तपासली. मग संमतीच्या कागदावर सही केली आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून कागद माझ्याकडे दिला. मी तो तसाच पुढे सरकवला. सही शेवटी दुसऱ्या सिस्टरने केली.

पाय त्या रेघेवरूनच गेला, वर नाही. काकांनी शुद्धीवर आल्यावर आधी हात लावून तेच बघितलं.

मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मी वाट बघत होते की बोलतील. ड्युटी संपल्यावर त्यांच्या खाटेशी बसायचे, बोलणी खायला म्हणूनच बसायचे. ते पावलांचं बोलायचे. कुबड्यांवर एका पावलाचं माप किती धरायचं, दुकानापर्यंत आता आकडा किती होईल. एकदा आईने डब्यातून पाठवलेली मेथीची भाजी खाताना म्हणाले, "तुमच्या आई सत्तरच्या पुढेच हाक मारायच्या ना? मला माहीत होतं."

काका त्यानंतर सहा वर्षं होते. पुढे हृदयविकाराने गेले. त्या सहा वर्षांत लोक येतच राहिले. कुबड्या भिंतीला टेकवून काका नकाशा काढायचे, पण मध लावायचे नाहीत. पेशंटला बसवून ठेवायचे, मी ड्युटीवरून येईपर्यंत. मग मी ओट्यावर बसून पाय दाबून बघायचे, सळई घालून बघायचे आणि आत किती गेली ते सांगायचे. ते नकाशावर एका कोपऱ्यात लिहायचे. सळई जरा जास्त गेली की तीन दिवस वगैरे काही नाही, तिथूनच रिक्षा. मी किती वेळा मनात म्हटलं असेल, आज कुणी नसू दे. रोज कुणीतरी असायचं.

पण मला त्याच्या आधीची एक संध्याकाळ सांगायची आहे. काका घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यातली. मी नेहमीसारखी दमून फाटकातून आत आले. ते ओट्यावर बसलेले, मांडीवर फळी, फळीवर ट्रेसिंग पेपर. उरलेल्या पायाच्या टोकाशी टाक्यांची रेघ असते, तिचा नकाशा काढला होता. उत्तरेचा बाण कुठे करावा ते सुचलं नसावं, ती जागा कोरी होती. खाली पंचाची रेघ. त्यांनी पेन पुढे केलं आणि मी ते हातात घेतलं. सवयच लागलेली. सही करायला वाकले, तेवढ्यात त्यांनी कागदावर हात ठेवला.

"आधी पाय," म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली. हात धुऊन आले. त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि पट्टी सोडायला लागले, वेढ्यामागून वेढा. डोळ्यांना धार लागली होती, ती तशीच वाहू दिली, कारण दोन्ही हात स्वच्छ होते. टाके बघितले. कडा बघितल्या. वर, खाली, मागून दाबून बघितलं. वास घेऊन बघितला.

"बघितलं?"

"बघितलं."

"दाबून?"

"दाबून."

काकांनी कागदावरचा हात काढला. "आता करा सही," म्हणाले.